एका वेळी एक वाफा

मी एकोणीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. या एकोणीस वर्षांत मुलांच्या प्रगतिपुस्तकांत ‘निष्काळजी’ हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल, देव जाणे. ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ ‘वस्तू विसरते.’ ‘हातात घेतलेले काम पूर्ण करत नाही.’ लाल शाईत, सुवाच्य अक्षरात. माझं अक्षर छान आहे, सगळे म्हणतात.

मग माझ्याच घरात तसं एक पोर निघालं. अलिशा, माझी एकुलती एक, तेव्हा बारा वर्षांची. जन्मापासून तशी नव्हती हं. उलट फारच व्यवस्थित, चार रंगांच्या रिबिनी चार डब्यांत ठेवणारी. एका जुलैनंतर ती तशी झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा कोण होता ते वेगळं सांगायला नको.

हे लिहितेय ते शहाणपण शिकवायला नाही. तुमच्या घरी एखादं मूल मोठ्या प्रसंगातून वाचलं असेल, अंगावर ओरखडासुद्धा नसेल, आणि तरी ते ‘पहिल्यासारखं’ वागत नसेल, तर तुम्ही वाचा. आणि आधीच सांगून ठेवते, शेवट चांगला आहे. शेवट वाईट असलेलं मला स्वतःलाच वाचवत नाही.

पोरीला काही झालं नाही

आम्ही वसईजवळच्या निर्मळ गावचे. घरामागे वाडी आहे. केळी, मोगरा, अळू, पालक असं सगळं थोडं थोडं. वाडी बघते माझी सासू, जिला सगळं गाव आजी म्हणतं. माझा नवरा आग्नेल एका कंपनीत सुपरवायझर आहे. जुलैतल्या त्या सकाळी आजीची फुलं वसईच्या होळी नावाच्या बाजारात पोचवायला तो स्कूटर घेऊन गेला. सुट्टीचा दिवस, म्हणून अलिशा मागे बसली. परत येताना एका टेम्पोने गाडी आडवी घातली. आग्नेलचं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. अलिशाच्या हनुवटीला दोन टाके पडले.

“पोरीला काही झालं नाही, देवाची कृपा!” हे वाक्य मी त्या आठवड्यात फोनवर पन्नास वेळा तरी बोलले असेन. खोटं नव्हतं ते. मला तसंच वाटत होतं.

आग्नेल तीन आठवडे हॉस्पिटलात होता. पायात रॉड घातला. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही, आणि आमच्याकडे प्रत्येकाच्या वाडीत केळी. तिसऱ्या दिवशी कॉटखाली सात फण्या जमल्या. सिस्टर म्हणाली, “ताई, आता तराजू तेवढा आणा.” मग आम्ही वॉर्डभर केळी वाटली. शेजारच्या कॉटवरचे आजोबा डिस्चार्ज मिळाला तरी दुसऱ्या दिवशी केळी खायला परत आले. दुःखातसुद्धा इतकं हसलो आम्ही त्या खोलीत की सिस्टर दार लावून घ्यायची.

अलिशा रोज शाळा सुटल्यावर यायची. पप्पाच्या पायथ्याशी बसायची. त्याचे कपडे, पाकीट, चपला ठेवलेली प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन. हट्ट नाही, रडणं नाही. येणारा जाणारा म्हणायचा, “किती समजूतदार पोर!” मी मान ताठ करून ऐकायची. त्या पिशवीची गाठ ती कुणालाच सोडू द्यायची नाही, हे मला दिसत होतं. पण बघणं वेगळं आणि कळणं वेगळं.

हातात एक बूट

दिवाळीच्या सुमाराचा एक दिवस. मला शाळेला उशीर होत होता. मी ओरडले, “अलिशा, बूट घाल!” स्वयंपाकघर आवरून आले तर बाईसाहेब पलंगाच्या कडेला बसलेल्या. एक बूट पायात, एक हातात. “घालते,” म्हणाली. मी डबे भरले, आजीला गोळ्या दिल्या, साडीला पिना लावल्या, परत आले. बूट हातातच. घड्याळात बघितलं तर अर्ध्या तासाच्या वर झालं होतं.

हा एक नमुना. पाण्याच्या बाटल्या पाच हरवल्या. गणिताची वही विज्ञानाच्या दिवशी, विज्ञानाची रविवारी. दुकानातून मीठ आण म्हटलं तर दुकानापर्यंत जाऊन परत येऊन विचारायची, “काय आणायचं होतं?” निबंध तोंडी सांगायला लावला तर झकास सांगायची. लिहायला बसली की पहिली ओळच उमटायची नाही. तास तास पेनचं टोपण काढायचं, लावायचं. आणि मध्येच एखादं भांडं पडलं तर अशी दचकायची की पुढचा सगळा वेळ गेलाच म्हणून समजा.

मी काय केलं? जे एकोणीस वर्षं करत आले तेच. ओरडले. “नाटकं करू नकोस” म्हणाले. “पप्पा पाय मोडून ऑफिसला जायचं बघतात आणि तुला धड पायात बूट घालवत नाही?” असंही म्हणाले. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. पण लिहिते, कारण तुम्हीही म्हणाला असाल.

निळी स्कूटर

आता आमच्या घराण्याची अक्कल सांगते. आमच्याकडे काही टाकून द्यायचं नाही हा नियम आहे. केळीच्या बुंध्याचं सोपटसुद्धा टाकत नाही, तर स्कूटर कुठली टाकणार! आग्नेलने ती गॅरेजमधून दुरुस्त करून आणली. आधी राखाडी होती, ती निळी करून घेतली. “पोरीला कळणारही नाही,” म्हणाला. मलाही ते पटलं. नोव्हेंबरात एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर फादरांनी स्कूटरवर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं, आजीने झेंडूचा हार घातला, हँडलला नवी रोझरीची माळ बांधली, आणि आम्ही अलिशाला पुढे उभं करून फोटो काढला. घरात सगळ्यांना ताकीद होती, पोरीसमोर अपघाताचं नाव काढायचं नाही. नाव काढलं नाही, रंग बदलला, पाणी शिंपडलं. झालं की!

डिसेंबरात आग्नेल परत गाडी चालवू लागला. तिला शाळेत तोच सोडायला लागला. आणि अलिशाचं बिघडलेलं गाडं आणखी खड्ड्यात गेलं. सहामाहीत ती दोन विषयांत नापास झालेली होतीच, आता वर्गपाठही कोरे यायला लागले.

मी एक फॉर्म आणला. दूरच्या एका बोर्डिंगचा. शिस्त लागेल, वेळापत्रक लागेल, असं मला वाटलं. छान जाड, पांढरा कागद होता. आग्नेलने तो बघितला आणि पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. “माझी पोर कुठं जाणार नाही!”

“मग तू सांभाळ! रोज सकाळी बूट तू घाल तिला!”

आजी मध्ये पडली. आमच्या घरची बोली मी इथे कागदावर उतरवली तर वाचणाऱ्याच्या नाकी नऊ येतील, म्हणून साध्या मराठीत सांगते. ती म्हणाली, “रोप वाकडं दिसलं की उपटून दुसऱ्याच्या वाडीत लावतात का गं, टीचर?” रागावली की ती मला टीचर म्हणते. फॉर्म मेअखेरपर्यंत भरायचा होता. मी तो कपाटात साड्यांखाली ठेवला. तेव्हापासून मे महिना माझ्या डोक्यावर टांगलेला. पोर घरात राहणार की जाणार, एवढाच प्रश्न, आणि आई म्हणून मीच तो उभा केलेला.

“आवाज तोच आहे”

जानेवारीत अलिशाच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. नवी, तरुण मुलगी. म्हणाली, “टीचर, रागावू नका. ती विसरत नाही असं मला वाटतं. ती घाबरलेली असते. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला की तिच्या हातातलं पेन पडतं. डॉक्टरांना एकदा दाखवाल का?”

रागावू नका म्हटल्यावर मी अर्थात रागावले. काल आलेली पोरगी मला शिकवते! दोन दिवस धुसफुसले, तिसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट घेतली.

वसईतला छोटासा दवाखाना. मुलांच्या मनाच्या डॉक्टर. आम्ही तिघं गेलो. डॉक्टर मॅडमनी अलिशाला कागद आणि रंग दिले, इकडचं तिकडचं बोलल्या. मांजर आहे का? आवडता मासा कुठला? मग सहज विचारलं, “शाळेत कशी जातेस?”

“स्कूटरवर.”

“कुठल्या स्कूटरवर?”

“त्याच.”

मी घाईघाईने म्हणाले, “नाही मॅडम, म्हणजे आता निळी आहे, रंग…”

अलिशा माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, “मम्मी, आवाज तोच आहे.”

आग्नेलने चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. मी नवऱ्याला रडताना लग्नात बघितलं होतं आणि त्या दिवशी. अलिशाने आपला रुमाल काढून त्याला दिला. गंमत बघा, त्या दिवशी ती रुमाल विसरली नव्हती.

मॅडमनी मग आम्हाला सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्या डोक्यात एक कारभारी असतो. आधी काय, मग काय, हे तो ठरवतो. सांगितलेलं लक्षात धरून ठेवतो. एक काम संपवून दुसऱ्याकडे वळवतो. नको तिथे हात आवरतो. मुलांमध्ये हा कारभारी अजून शिकाऊच असतो. मोठा धक्का बसला की घरात सतत ‘चोर आला, चोर आला’ असा ओरडा चालू राहतो, आणि कारभारी बिचारा दाराला पाठ लावून उभा. मग वही कोण शोधणार?

“म्हणजे ती आळशी नाही?” मी विचारलं.

“आळशी?” मॅडम म्हणाल्या. “तुमची मुलगी दिवसभर दार धरून उभी असते हो. थकलीय ती.”

परत येताना आम्ही रिक्षाने आलो. अलिशा मध्ये बसली. मी तिचा हात धरला होता आणि माझ्या डोळ्यांसमोरून लाल शाईतल्या ओळी चालल्या होत्या, एकामागून एक, एकोणीस वर्षांच्या.

मांदेलीवाली

त्यातली एक ओळ भाविकाची होती. माझी पहिली नोकरी अर्नाळ्याकडच्या शाळेत. भाविका माझ्या चौथीत. त्या वर्षी तिच्या घरची बोट फुटली, बाप वाचला, काका गेला. पोरीचं पाटी-दप्तर रोज घरी. मी तिला वर्गाबाहेर उभं करायची. आता ती आमच्या नाक्यावर मासळी घेऊन बसते, आणि मी दर शुक्रवारी तिच्याकडूनच घेते.

त्या शुक्रवारी मी तिच्या मासळीच्या पाटीसमोर उकिडवी बसले आणि सरळ सांगून टाकलं. “भाविका, मी तुला तेव्हा बाहेर उभं करायला नको होतं. मला माफ कर.”

ती हसायलाच लागली. “बाई, तुमी पन ना! सकाळी सकाळी काय झालं तुमाला?” मग मांदेली मोजता मोजता म्हणाली, “तवा तुमी बोलायच्या, पन मला नुसतं पानीच आयकू यायचं. आनि भायेर काय वाईट नव्हतं. वारा मस्त यायचा.”

“तरीपण.”

तिचा हात थांबला. “एकदा इचारायला पायजे होतं, बाई. काय झालं म्हून. कोनीच इचारलं नाय.”

एवढं बोलून तिने दोन मूठ मांदेली जास्त टाकली. मी नको नको म्हणत होते. “घ्या, पोरीला तळून घाला,” म्हणाली. घरी येऊन मी ती मांदेली साफ करताना जेवढी रडले तेवढी अपघाताच्या दिवशीही रडले नव्हते. मग तळली. झकास झाली होती.

तक्ता

मॅडमनी सांगितलं होतं, कामाचे छोटे तुकडे करा, डोळ्यांसमोर ठेवा, आणि आधी तुम्ही शांत व्हा. यातलं शेवटचं मी सोयीस्कर विसरले आणि पहिल्या दोनावर तुटून पडले. शिक्षिका ना मी! कार्डशीट आणला, स्केचपेनं आणली, आणि सकाळच्या बावीस कामांचा तक्ता केला. प्रत्येकापुढे चौकोन, चौकोनात चिकटवायला तारे. भिंतभर झाला. आग्नेल म्हणाला, “हे बघून मलाच घाम फुटला.”

अलिशा दुसऱ्या दिवशी तक्त्यासमोर उभी राहिली. पंधरा मिनिटं. तक्ता वाचून होईपर्यंत शाळेची वेळ झाली. मी परत ओरडले. ये रे माझ्या मागल्या.

त्या संध्याकाळी आजी म्हणाली, “टीचर, पोरीला मला दे. शिंपायला माणूस हवंय.”

शिंपणं

ज्यांनी वाडी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बावखल आहे, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पंप लावला की पाणी पाटाने धावतं. पाटाच्या दोन्ही बाजूंना वाफे. प्रत्येक वाफ्याला मातीचं तोंड. फावड्याने एका वाफ्याचं तोंड उघडायचं, पाणी आत घ्यायचं, भरलं की तोंड बुजवायचं, मग पुढचं. दोन तोंडं एकदम उघडली तर दोन्ही वाफे अर्धे राहतात. एक बुजवायला विसरलात तर रोपं बुडतात. सगळी विद्या एवढीच.

पहिल्या आठवड्यात अलिशाने पालकाच्या वाफ्याचं तोंड उघडलं आणि बघत राहिली. कुठे बघत होती देव जाणे. पाणी वाफा भरून वर आलं, बांध फुटला, पालक आडवा. मी मागच्या दारातून बघत होते. “अगं, लक्ष कुठंय तुझं?” म्हणायला तोंड उघडलंच होतं, तोच आजीने फावडं माझ्याकडे रोखलं. “पालक गेला, दुसरा येईल. वाफ्याचं तोंड ती बुजवते. तुझं तू बुजव!”

अलिशा हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती अशी पोट धरून हसली. माझा अपमान झाला याचं मला काही म्हणजे काही वाटलं नाही. असा अपमान रोज व्हावा!

रोज संध्याकाळी एक तास. आजी काही समजावायची नाही, शाबासकी नाही, तारे नाहीत. नुसतं म्हणायची, “उघड. भरलं? बुजव. चल पुढं.” आधी तीन वाफे, मग पाच, मग अख्खी ओळ. चुकलं तर चिखल, एवढंच. आणि चिखलात दोघींचे पाय.

मार्चमध्ये एक दिवस आजीने काठावर काढून ठेवलेली चप्पल पाटात पडली आणि पाण्याबरोबर निघाली. अलिशा फावडं टाकून धावली, केळीच्या बुंध्यापर्यंत जाऊन चप्पल पकडली, आणि ती छातीशी धरून मोठ्याने रडायला लागली. आजी चिखलात तिच्याशेजारी बसली. पंप बंद करायलाही उठली नाही. तीन वाफे बुडाले त्या दिवशी.

तेव्हा सगळं बाहेर आलं. रस्त्यावर पडल्यावर पप्पा म्हणाला होता, “माझी चप्पल बघ गं.” ती शोधायला गेली. टेम्पोखाली सापडली. घेऊन आली तर पप्पाचे डोळे मिटलेले. हाका मारल्या, ओ नाही. “मी लवकर आले असते तर तो झोपला नसता, आजी.” आठ महिने हे त्या बारा वर्षांच्या जिवाने एकटीने धरून ठेवलं होतं. बूट हातात घेतला की तिला रोज तो रस्ता दिसायचा. आणि मी पलीकडून ओरडत होते, बूट घाल.

आग्नेलला चपलेचं काही आठवतच नव्हतं. त्याने ऐकलं, लंगडत वाडीत गेला आणि तिला म्हणाला, “अगं वेडे, दुखून मला घेरी आली होती. तू दहा पावलं गेलीस म्हणून नाही. आणि चप्पल आणली नसतीस तर हॉस्पिटलातून घरी काय एका पायाने लंगडी घालत आलो असतो?”

“तसंही तू कुबड्या घेऊन आलास,” अलिशा नाक ओढत म्हणाली.

“पण चपला घालून आलो की नाही?”

पुढच्या वेळी हे आम्ही मॅडमना सांगितलं. त्या बराच वेळ एकट्या अलिशाशी बोलल्या. बाहेर आल्यावर अलिशाने समोरच्या दुकानात दोन आईस्क्रीमं खाल्ली आणि तिसरं मागितलं.

घरभर वाफे

बावीस कामांचा तक्ता आजीने कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून लावला. तारे कोंबड्यांनी खाल्ले. घरात नवी भाषा आली. “बूट हा एक वाफा.” “दप्तराचा वाफा भरला, बुजवू?” मी सवयीने म्हणायची, “आंघोळ कर, डबा घे, केस विंचर, आजीला चहा दे आणि वही…” की अलिशा हात वर करायची. “मम्मी, पाच तोंडं उघडलीस.”

शाळेला ती चालत जायला लागली. एप्रिलपासून सायकलने, आणि सोबत म्हणून मीही. वीस वर्षांनी सायकलवर बसले आणि पहिल्याच वळणावर कुंपणात गेले. सगळ्या निर्मळने बघितलं. अलिशा थांबली, माझी सायकल उचलली आणि म्हणाली, “आधी ब्रेकचा वाफा, मम्मी.”

स्कूटरचं काय केलं, हे सगळे विचारतात. विकली नाही. आंब्याखाली झाकून ठेवली. मॅडमच्या सांगण्यावरून आग्नेल ती नुसती चालू करायचा, अलिशा पडवीत उभी राहून ऐकायची, हात वर केला की बंद. मग अंगणात. मग फाटकापर्यंत. मेमध्ये ती स्वतःहून मागे बसली आणि दोघं अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन ओले बोंबील घेऊन आली. मी फाटकात उभी राहून पूर्ण वेळ रोझरी म्हटली. दोनदा.

असं नका समजू की वाडीत नेलं आणि पोर बरं झालं. औषधपाणी ज्याचं त्याने करावं, मॅडमकडे आम्ही अजूनही महिन्यातून एकदा जातो. परीक्षेच्या आधी ती आजही अडते. ॲम्ब्युलन्स गेली की तो दिवस वाया. पण आता ती सांगते, “आज माझा दिवस नाहीये,” आणि मी म्हणते, “बरं.” हा ‘बरं’ शिकायला मला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागला. शाळेतही मी लाल पेन ठेवून दिलंय. मूल वही विसरलं की मी त्याच्याशेजारी बसते आणि भाविकाने सांगितलेला प्रश्न विचारते.

फॉर्म

मे संपत आला. सातवीचा निकाल लागला, सगळ्या विषयांत पास. गणितात तर मला बोलायला जागाच ठेवली नाही. मी ठरवलं, आता तो फॉर्म सगळ्यांसमोर फाडायचा. मला असे प्रसंग करायला आवडतात, शाळेच्या गॅदरिंगची सवय. कपाट उघडलं, साड्या उचलल्या. फॉर्म नाही. सगळं कपाट उपसलं. नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आग्नेलला विचारलं, त्याला माहीत नाही. आजीला विचारायला पडवीत गेले तर आजी आणि अलिशा बियांचा डबा मांडून बसलेल्या. पावसाळ्यात पेरायच्या बियांच्या पुड्या होत्या. त्यांतली एक चांगली मोठी, जाड, पांढऱ्या कागदाची. वर अलिशाच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘काकडी. १) वाफा तयार करणे. २) बी रात्री भिजत घालणे. ३) पेरणे. ४) मांडव. विसरू नये.’

पुडीच्या एका घडीवर छापील ओळ दिसत होती: ‘विद्यार्थिनीचे पूर्ण नाव’. त्यापुढे माझ्या सुवाच्य अक्षरात अलिशाचं नाव.

मी तिथेच पायरीवर बसले. “तुला कधी सापडला?”

“नाताळात. तुझी साडी काढताना.” ती बिया निवडत होती, वर न बघता म्हणाली. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, सगळे महिने तिला माहीत होतं. ती रोज सकाळी बूट हातात घेऊन बसायची तेव्हा डोक्यात तो रस्ताही होता आणि हा कागदही.

“मग बोलली का नाहीस गं?”

“तू पाठवशील की नाही ते कळत नव्हतं. मग परवा आजी म्हणाली, काकडीच्या बियांना जाड कागद लागतो. म्हटलं आता घ्यायला हरकत नाही.” आता तिने वर बघितलं. “तुला लागणार होता का?”

“नाही,” मी म्हणाले. “मी फाडायलाच शोधत होते.”

“फाडायचा कशाला? चांगला कागद आहे.” अगदी आमच्या घराण्याची पोर!

मी तिला जवळ घेतलं, माफी मागितली, नीट, नाव घेऊन, कशाकशाची ते सांगून.  ती मिठीतूनच म्हणाली, “मम्मी, बिया सांडतायत.”

जूनमध्ये तिने ते बी पेरलं. चारही कामं क्रमाने, कुणी आठवण न करता. काकड्या इतक्या लागल्या की सगळ्या आळीत वाटून उरल्या. पहिली मात्र तिने बाहेर कुणाला दिली नाही. विळीवर तिघांसाठी तीन तुकडे केले, मीठ लावलं, आणि चौथा, देठाकडचा, कडू निघतो तो, माझ्या हातात ठेवला.

“हा तुझा,” म्हणाली.

खाल्ला मी. अजिबात कडू नव्हता.